प्लीज कोरिलेट क्लिनिकली

पोटाच्या एक्स-रेचा रिपोर्ट सुरुवातीला मोठा दिलासा देतो. डायफ्रॅमखाली मोकळी हवा नाही. आतड्यांत फ्लुइड लेव्हल नाहीत. मूत्रपिंडाच्या जागी खडा दिसत नाही. मणके वयाला शोभतील इतपत झिजलेले. जे जे नाही त्याची अशी शिस्तवार यादी झाली, की शेवटून दुसऱ्या ओळीत, अजिबात आवाज न चढवता, लिहिलेलं असतं: ‘फीकल लोडिंग नोटेड’. मोठ्या आतड्यात मळ बराच साठलाय. आणि त्याखाली तमाम रेडिऑलॉजिस्टांचं लाडकं वाक्य: ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’. आम्हाला दिसलं ते लिहिलं, पुढचं तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बघून घ्या.

आमच्या डोंबिवलीच्या मामांच्या पोटात उजव्या बाजूला दुखत होतं. मुतखड्याच्या संशयावरून केयूबी एक्स-रे काढायला सांगितला होता. आदल्या रात्री घ्यायला दोन गोळ्याही दिल्या होत्या, कारण पोट साफ नसेल तर मळ आणि गॅस यांच्या सावल्यांत खडा हरवतो. मामांनी त्या घेतल्या नाहीत. ‘उगाच कशाला औषधांची सवय लावून घ्यायची?’ रोज मूठभर गोळ्या गिळणारा माणूस मुठीबाहेरची गोळी आली की एकदम तत्त्वाला जागतो. त्यामुळे फोटोत खडा काही दिसला नाही, बाकी सगळं दिसलं.

रोंटगेननं १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला, तेव्हा तिच्या बोटातली अंगठी दिसली होती. सव्वाशे वर्षांनी आम्हाला मामांची परवाची पावभाजी दिसली.

‘हे सांगायला पैसे घेतले?’ मामा म्हणाले.

‘मला विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं,’ मामी म्हणाली.

या विषयावर वैद्यकशास्त्राचं म्हणणंही जवळजवळ मामीसारखंच आहे, पण ते पुढे येईल. आधी फोटो.

एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरून बघणं हा आपल्याकडचा घरगुती संस्कार. हल्ली फोटो मोबाइलवर येतो, तरी माणसं मोबाइल खिडकीकडे धरतात. हाडं पांढरी, हवा काळी, बाकीचं सगळं करडं. मळ असेल तिथे ठिपक्याठिपक्यांची बारीक नक्षी दिसते, कारण त्यात गॅसचे लहान लहान बुडबुडे अडकलेले असतात. मोठं आतडं पोटाच्या उजव्या कोपऱ्यातून वर चढतं, यकृताखाली वळतं, आडवं जातं, प्लीहेजवळ पुन्हा वळतं आणि डावीकडून खाली उतरतं. सगळा मिळून सुमारे दीड मीटरचा प्रवास. मामांच्या फोटोत ही नक्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती. मेहुण्यांनी फिल्म हातात घेऊन ‘डाव्या बाजूला जास्त आहे’ असा निर्वाळा दिला. फिल्ममधली डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी, हे त्यांना सांगण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना दुरुस्त्या आवडत नाहीत.

आता खरी गोम अशी, की मोठं आतडं हे मळ ठेवण्याचंच ठिकाण आहे. लहान आतड्याकडून त्याच्याकडे दिवसाला दीडेक लिटर पातळ ऐवज येतो. ते त्यातलं बहुतेक पाणी परत रक्तात पाठवतं आणि शे-दीडशे ग्रॅम घट्ट माल तयार करतं. या कामाला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे कोणत्याही धडधाकट माणसाला कोणत्याही वेळी आडवं करून फोटो काढला, तर आत काहीतरी दिसणारच. ते ‘जास्त’ कधी म्हणायचं हे बऱ्याच अंशी बघणाऱ्याच्या नजरेवर असतं. एकच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली तर एक म्हणतो लोडिंग, दुसरा म्हणतो नॉर्मल. फोटोत मळ खूप आणि माणूस मजेत, फोटो स्वच्छ आणि माणूस दोन-दोन तास संडासात, असंही होतं. म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये सांगून टाकलं, की मुलांच्या नेहमीच्या बद्धकोष्ठाचं निदान करायला सरसकट पोटाचे एक्स-रे काढू नका. एक्स-रे लागतो तो आतडं अडलंय किंवा फुटलंय असा संशय असेल तर, किंवा धाकट्यानं रुपयाचं नाणं गिळलं असेल तर.

पण आमच्याकडे एवढं ऐकून घेतो कोण! त्या संध्याकाळी मामांकडे जमलेल्या प्रत्येकाला फीकल लोडिंगचं कारण माहीत होतं. मराठी घरात हृदयाबद्दल बोलायला डॉक्टर लागतो. पोटाबद्दल बोलायला फक्त तोंड असावं लागतं. थोरली मावशी म्हणाली, रात्रीचं दही. मेहुणे म्हणाले, मैदा. तो आतड्याला चिकटून बसतो. (बसत नाही. त्यात चोथा नसतो, एवढाच त्याचा गुन्हा.) शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, कोठाच जड. सुनेनं पवनमुक्तासन सुचवलं आणि मामांच्या पोटाकडे बघून लगेच मागे घेतलं. मग उपाय निघाले. गरम पाण्यात तूप. एरंडेल. त्रिफळा. गंधर्व हरीतकी. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. उठल्याउठल्या तांब्याभर पाणी आणि हॉलमध्ये येरझाऱ्या. हॉलमधल्या येरझाऱ्यांची मी पूर्वी थट्टा करत असे, अजूनही करतो, पण त्यांना आधार आहे. सकाळी झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर मोठं आतडं जागं होतं आणि ढकलायला लागतं. चहानंतर पाचच मिनिटांत पेपर घेऊन अदृश्य होणारे काका शरीरशास्त्राला धरूनच वागत असतात.

२०१५ साली ‘पिकू’ सिनेमा आला तेव्हा लोक म्हणाले, काय धाडसी विषय आहे! एक म्हातारा दिवसभर आपल्या पोटाबद्दल बोलतो. आमच्या मामीला त्यात धाडस कुठे आहे ते कळेना. तिला तो माहितीपट वाटला.

घरात एवढं बोलणारी ही मंडळी डॉक्टरांपुढे बसली की मात्र वाचा जाते. पोटविकारतज्ज्ञ बाई मामांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली, क्षणभर बघितली, काढून पाकिटात घातली आणि पाकीट बाजूला सरकवलं. मग प्रश्न सुरू झाले.

‘काका, पोट साफ होतं का रोज?’

मामा एकदम इंग्रजीत शिरले. ‘मोशन ओके आहे.’

‘रोज जाता?’

‘रोज.’

‘रोज जातात,’ मामी म्हणाली, ‘आणि गेले तसे येतात.’

बाईंना हवं ते मिळालं. किती वेळा जाता याला म्हणे फारसा अर्थ नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मलमध्ये बसतं. विचारायचं ते पुढचं. जोर करावा लागतो का? खडा होतो का? झाल्यावर काही राहिल्यासारखं वाटतं का? बसायला किती वेळ लागतो? एक प्रश्न तर असा होता, की मामांनी उत्तर देण्याआधी केबिनचं दार नीट लागलंय ना ते वळून पाहिलं.

मग बाईंनी टेबलाच्या काचेखालून एक रंगीत तक्ता काढला. ब्रिस्टल स्टूल स्केल. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसकट दिले आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, चौथा म्हणजे ज्याची स्वप्नं पडावीत असा, आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. पहिल्या दोनांतला असेल तर माल आत फार काळ राहून वाळलाय असं समजायचं. मामांनी चष्मा पुसला, घातला, तक्ता हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

‘एक आणि दोनच्या मधला नाहीये का?’

‘एकच आहे,’ मामी म्हणाली. तिनं केव्हा बघितलं हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

‘कधीपासून आहे हे?’ बाईंनी विचारलं.

‘लोकलपासून.’

हे उत्तर वैद्यकीय पुस्तकात नाही, पण डोंबिवली-बदलापूरकडच्या कोणत्याही डॉक्टरला ते कळतं. मामा उभी हयात सकाळच्या फास्टनं फोर्टात कामाला गेले. शरीराची हाक येण्याची वेळ आणि फास्ट येण्याची वेळ एकच. त्यातली एक चुकली तर पुढची पंधरा मिनिटांनी येते आणि तिच्यात शिरता येत नाही. दुसरी चुकवली तर ती तासाभरानं आपोआप शमते. मामांनी कोणती चुकवली हे उघड आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. तेरा वेग दाबू नयेत म्हणून सांगितलेत: मलमूत्राचे आहेतच, शिवाय शिंक, जांभई, ढेकर, अश्रू, भूक, तहान, झोप वगैरे. चरकाला सेंट्रल रेल्वे माहीत नव्हती. पहिल्या वर्गाच्या डब्यातसुद्धा तेरापैकी निम्मे वेग दाबल्याशिवाय कल्याण ते सीएसएमटी प्रवास होत नाही.

हाक दाबली की होतं काय, तर गुदाशयात आलेला मळ मागे सरकतो, आतडं त्यातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतं आणि तो जास्त घट्ट होतो. रोज असं केलं की गुदाशय ताणलेलाच राहायला शिकतो आणि हाक मारणंच सोडून देतो. शाळेतली पोरं हेच करतात. शाळेचा संडास बघून शहाणं मूल दुपारपर्यंत धरून ठेवतं, घरी येऊन खेळात विसरतं, मग खडा होतो, दुखतं, चीर पडते, आणि दुखतं म्हणून ते आणखी धरून ठेवतं. पुढे घट्ट गोळ्याच्या कडेनं पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते आणि आई म्हणते, ‘एवढा घोडा झाला तरी कळत नाही!’ त्याला खरंच कळत नसतं. बाजारात, कोर्टात, बस स्टँडवर दिवसभर काम करणाऱ्या बायकांची गत तर विचारूच नका. त्या पाणीच पीत नाहीत, जायला लागू नये म्हणून. हे कोणत्या एक्स-रेत दिसणार?

‘खाण्यात काय असतं?’

‘साधंच,’ मामा म्हणाले.

साधं म्हणजे सकाळी चहा-खारी, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव नाहीतर बटर, रात्री वरणभात. ज्वारीची भाकरी बंद झाली ती कवळी बसवली तेव्हापासून. शिवाय मामांचे उपास: सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते मामांकडे बघूनच सुचलं असावं. आणि खायचं काय, तर साबुदाणा. साबुदाणा म्हणजे तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून काढलेला शुद्ध स्टार्च. चोथा औषधालाही नाही. त्यात बटाटा आणि वर तूप. धार्मिक दृष्ट्या निर्दोष, पण आतड्याला ढकलायला हातात काही येत नाही. देवाच्या नावानं मोठ्या आतड्याचा एवढा छळ दुसऱ्या कोणत्या प्रांतात होत असेल असं वाटत नाही. दाण्याच्या कुटाचं मात्र कौतुक करायला हवं. या खिचडीत चोथ्याची बाजू ते एकटं लढवतं.

चोथ्याचं हे महत्त्व जगाला पटवलं ते डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जननं. हा युगांडात काम करायचा. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचा मळ अक्षरशः वजन करून पाहिला आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. मळ नव्हे, आकडे. युगांडातल्या खेड्यातला माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या पुढे, आणि पांढरा पाव खाणारा इंग्रज शंभराच्या आसपास. खेडुताच्या पोटातून माल दीड दिवसात बाहेर, इंग्रजाच्या पोटात तो तीन दिवसांहून जास्त मुक्कामाला. आणि भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, उसळ हे आपलं जुनं ताट युगांडाच्या बाजूचं होतं. आपणच ते सोडून इंग्रजाच्या बाजूला जाऊन बसलो आणि वर त्याचा कमोडही घेतला.

कमोडचीही एक गंमत सांगतो. गुदाशयाला मागून एक स्नायू फास टाकून पुढे ओढून धरतो. उभे असताना, बसलेले असताना त्यामुळे नळीला बाक राहतो आणि आपली अब्रू शाबूत राहते. उकिडवं बसलं की तो बाक बराच सरळ होतो आणि रस्ता मोकळा मिळतो. खुर्चीत बसल्यासारखं बसलं की अर्धवटच. गुडघे गेल्यावर कमोडला पर्याय नाही हे खरं, पण पायाखाली जेवणाचा पाट घेता येतो. तोच पाट नको, वेगळा घ्या. आणि मोबाइल बाहेर ठेवा. आत नेला की अर्धा तास बसणं होतं, काम त्याच पाच मिनिटांचं.

‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’

‘फक्त बीपीची,’ मामा म्हणाले.

मामीनं पर्समधून सराफाच्या दुकानातली जांभळ्या मखमलीची पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. मंगळसूत्रासोबत आलेल्या त्या पिशवीत आता मामांचा सगळा औषधी दागिना राहतो. बाईंनी एकेक पट्टी उचलून बाजूला मांडली. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोह. गुडघ्यासाठी कॅल्शियम. गुडघा दुखतो म्हणून ट्रामाडॉल. मधुमेहानं पायाला मुंग्या येतात म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन. बीपीसाठी वेरापामिल. सर्दीसाठी झोप आणणारी ती पांढरी गोळी. अ‍ॅसिडिटीसाठी अ‍ॅल्युमिनियमवालं औषध. बाई मांडत गेल्या आणि मांडलेल्यातली प्रत्येक पट्टी पोट बांधणारी निघाली. यातली एकही चुकीची नव्हती. प्रत्येक वेगळ्या डॉक्टरांनी, वेगळ्या तक्रारीसाठी, विचार करून दिलेली. त्या सगळ्या एकत्र आल्या त्या दोनच ठिकाणी: मखमली पिशवीत आणि मामांच्या पोटात.

‘आणि पोट साफ व्हायला?’

‘इसबगोल,’ मामा अभिमानानं म्हणाले. ‘चमचाभर, तसंच. वर घोटभर पाणी.’

इसबगोल हे मूळचं भलं औषध आहे. गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडे त्याचा मोठा व्यापार आहे. ते पाणी धरून फुगतं, म्हणून मळ मऊ राहतो. पण पाणीच मिळालं नाही तर ते घशात नाहीतर आतड्यात फुगून बसतं आणि लोडिंगमध्ये स्वतःची भर घालतं. पेलाभर पाणी त्याच्याबरोबर आणि दिवसभर वेगळं, असा तो हिशेब आहे.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. कारणं मिळाली, भरपूर मिळाली. पण बाई पुढे गेल्या. थायरॉइड मंद असलं की आतडंही मंद होतं, म्हणून टीएसएच. रक्तातलं कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम कमी झालं तरी तेच होतं, म्हणून त्याही तपासण्या. मधुमेह जुना असेल तर आतड्याच्या नसांनाही तो लागतो. पार्किन्सनमध्ये हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असू शकतं, म्हणून त्यांनी मामांना केबिनमध्ये चालायला लावलं. काही लोकांचा तर जोर करण्याच्या वेळी सैल पडायचा स्नायू नेमका आवळतो. आपणच दाराला आतून टेकून उभं राहायचं आणि आपणच ते बाहेर ढकलायचं असा प्रकार. त्याची तपासणी वेगळी, आणि उपाय म्हणजे गोळी नाही तर शिकवणी. आतडं खरंच मंद आहे का हे बघायचं असेल तर त्यासाठी एक्स-रेचा एक कामाचा उपयोग आहे: कॅप्सूलमधून चोवीस बारीक कड्या गिळायच्या आणि पाचव्या दिवशी फोटो काढून किती उरल्या ते मोजायचं. पाचाहून जास्त आत असतील तर आतडं सुस्त. हा फोटो निदान काहीतरी मोजतो.

जाता जाता मामीनं तिच्या सासूबाईंचं विचारलं. त्यांना तर उलट जुलाब होतात, दिवसातून चार वेळा थोडे थोडे, म्हणून जुलाब थांबवायची गोळी चालू आहे. बाई दचकल्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक असे जुलाब सुरू झाले, की पहिली शंका उलटी घ्यायची: खाली घट्ट बोळा बसलाय आणि त्याच्या कडेनं पातळ वाहतंय. हातमोजा घालून बोटानं तपासलं की मिनिटात कळतं. आजींची गोळी त्याच दिवशी बंद झाली.

पोटातल्या मळाची ही भीती तशी जुनी, आणि ती फक्त आपल्याकडची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गाइज हॉस्पिटलात सर आर्बथनॉट लेन नावाचा फार निष्णात सर्जन होता. मळ साठून राहिला की त्याचं विष अंगात भिनतं आणि डोकेदुखीपासून उदासीनतेपर्यंत सगळं त्यातून होतं, अशी त्याची खात्री. म्हणून बद्धकोष्ठावर उपाय म्हणून तो मोठं आतडंच काढून टाकायचा. नोबेल मिळालेला मेचनिकॉफही म्हणायचा, की मोठं आतडं माणसाला नकोच आहे. तो त्यावर दही खा म्हणायचा, एवढाच त्याचा सौम्यपणा. तिकडे अमेरिकेत बॅटल क्रीकला डॉक्टर केलॉग रुग्णांना एनिमा आणि धान्याचा नाश्ता असा दुहेरी मार देत होते. पुढे विषाची ती कल्पना खोटी ठरली. लेनचं नाव विज्ञानातून गेलं, पण त्याचा आत्मा सकाळच्या टीव्हीवर चूर्ण विकणाऱ्या जाहिरातींत सुखानं नांदतोय. मावशीचं रात्रीचं दही मात्र मेचनिकॉफच्या बाजूनं निघालं, हे तिला सांगितल्यावर तिला अजिबात आनंद झाला नाही.

लिहून देता देता बाई एकदम थांबल्या आणि त्यांनी लोहाची पट्टी पुन्हा उचलली.

‘हिमोग्लोबिन कमी का झालं, ते कोणी बघितलं का?’

कोणी बघितलं नव्हतं. कमी आहे म्हणून लोह दिलं होतं, एवढंच. या वयाच्या पुरुषात लोह कमी झालं तर रक्त कुठून तरी झिरपत असतं, आणि बहुतेक वेळा ती जागा पोटात असते, असं त्या म्हणाल्या. साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. दुर्बीण घालून बघायला लागतं.

म्हणून मामांची कोलोनोस्कोपी ठरली आणि आदल्या रात्री दोन लहानशा गोळ्या नाकारणाऱ्या या तत्त्वनिष्ठ गृहस्थांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात घालून प्यावी लागली. चव खारट-गुळचट, लिंबाचा वास लावलेली. पेला संपला की मामी घड्याळ बघून पुढचा भरायची. सगळे पुन्हा जमले होते. अडल्यावेळी नातेवाईक येतात, मोकळं होताना येत नाहीत, पण आमचे आले. पहिला तास काही झालं नाही. मामा म्हणाले, ‘मला नाही लागू पडत असली औषधं.’ वाक्य पुरं व्हायच्या आत उठले. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत ते आम्हाला सलग असे दिसले नाहीत. मेहुणे दर फेरीला ब्रिस्टलचा आकडा विचारायचे आणि आतून उत्तर यायचं. सात. सात. सात.

दुसऱ्या दिवशी एक पॉलिप निघाला. तो तिथल्या तिथे काढला. तपासणीत कॅन्सर नव्हता, पण ठेवला असता तर पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. ट्रामाडॉल बंद झालं, वेरापामिलच्या जागी दुसरी गोळी आली, अमिट्रिप्टिलिनचा डोस उतरला. पाट आला. भाकरी दुधात कुस्करून परत सुरू झाली. उजव्या बाजूचं दुखणं थांबलं. मामांचा उपास अजून चालू आहे. तिथे कोणत्याही तज्ज्ञाचं चालत नाही, म्हणून मामी साबुदाण्यात दाण्याचं कूट दुप्पट घालते.

तेव्हा तुमच्या रिपोर्टात ‘फीकल लोडिंग’ लिहून आलं तर घाबरू नका आणि चूर्णाच्या दुकानाकडेही धावू नका. मात्र मळावाटे रक्त जात असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. तान्हं बाळ जन्मल्यावर दोन दिवसांत शी करत नसेल तर त्यालाही लगेच दाखवा. आणि जाताना एक्स-रेचं पाकीट घरी राहिलं तरी चालेल, पण गोळ्यांची पिशवी आणि मामी, दोन्ही बरोबर न्या.